टायपिंगच्या सरांची मंजू

पुस्तक हातात घेण्याआधी सर दोन्ही हातांची बोटं काउंटरवर ठेवायचे. आठही बोटं एका ओळीत, अंगठे जरा वर. क्षणभर ती तशीच ठेवून मग म्हणायचे, "हं, द्या आता." मी वाचनालयात नवी होते. मला वाटलं, माणूस काउंटरवरची धूळ तपासतोय. मी घाईघाईनं फडकं मारलं. आमचे शिपाई गुणवंतराव गालात हसले आणि सर गेल्यावर म्हणाले, की मॅडम, ते टायपिंगचे सर आहेत, देवळात हात जोडायला गेले तरी त्यांची बोटं आधी अशीच बसतात.

वर्ध्यात एक पिढी अशी आहे, जिच्या नोकरीची सुरुवात सरांच्या जिन्यावरून झाली. स्टेशनच्या रस्त्याला, पानठेल्याच्या वर, एक लांबट खोली. तिच्यात टाइपरायटरांच्या दोन रांगा आणि मधून फिरणारे सर. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस. तुमच्यापैकी कोणी तो जिना चढलं असेल, तर सरांचा कायदाही आठवत असेल. नजर कागदावर, बोटं मशीनवर आणि खाडाखोड बिलकुल नाही. चूक झाली की कागद काढायचा, नवा घालायचा. अगदी शेवटच्या ओळीत चूक झाली तरीही. पोरं रडकुंडीला यायची. सर आवाज न चढवता म्हणायचे, "पयल्या ओळीपासून." हे दोन शब्द ऐकलेली माणसं आज कचेऱ्यांतून हेडक्लार्क होऊन रिटायरसुद्धा झाली.

पुढे टाइपरायटरांचे दिवस गेले. सरांनी मशिनी भंगारात काढल्या, खोली सोडली आणि घरी एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. आता त्या वयाच्या माणसानं कॉम्प्युटरवर काय करावं? पत्ते खेळावेत, गावोगावच्या नातेवाइकांना फुलांची चित्रं पाठवावीत. सर आमच्याकडे आले आणि वेबसाइट बनवायला शिकवणारं पुस्तक आहे काय, असं विचारू लागले.

पुस्तक होतं. कोणीतरी देणगीत दिलेलं. मुखपृष्ठावर 'सोप्या भाषेत' हे शब्द दोनदा छापलेले, यावरून आतली भाषा किती सोपी असेल ते ओळखा. मागच्या कव्हराला चिकटवलेल्या पाकिटातली सीडी केव्हाच कोणीतरी लंपास केली होती. ते पुस्तक कपाटातून बाहेर निघाल्याचं मला तरी आठवत नव्हतं. सरांनी बोटं टेकवली, पुस्तक घेतलं आणि छातीशी धरून नेलं.

पुढच्या खेपेला आले ते खुशीत होते. काउंटरवरच त्यांनी मला समजावून सांगितलं, की वेबसाइटची भाषा म्हणजे सगळा तिरक्या कंसांचा कारभार. कंसात खूण लिहायची, मग आपला मजकूर, मग पुन्हा कंसात ती खूण बंद करायची. टाइपरायटरवर हे कंस नव्हतेच, त्यामुळे उजव्या हाताच्या दोन बोटांना म्हातारपणी नवं काम लागलं होतं. बोटांचा व्यायाम होऊन राह्यला, मॅडम, असं म्हणून त्यांनी ती दोन बोटं मला नाचवून दाखवली.

त्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी एक पान बनवायला सांगितलेलं असायचं. पहिल्या धड्यात स्वतःची ओळख. सर म्हणाले, स्वतःबद्दल काय लिहू, टायपिंग शिकवलं आणि संपलं, दोन ओळीसुद्धा भरत नाहीत. म्हणून त्यांनी मुलीचं पान करायला घेतलं. मुलीचं नाव मंजू. धडे पुढे सरकले तशी ही मंजू मलाही कळत गेली. तक्ते बनवायच्या धड्यात सरांनी तिची दहावीची गुणपत्रिका केली. गणितात अगदीच कमी गुण होते. मी गंमतीनं म्हटलं, सर, पान तुमचं, मुलगी तुमची, थोडे वाढवून टाका की. सर गंभीर झाले.

"तिचं गणित कच्चंच होतं," ते म्हणाले. "म्हून काय बापानं मार्क वाढवाचे?"

मग एका पानावरून दुसऱ्या पानावर जायची वाट कशी करायची, तो धडा आला. मंजू शाळेतून कॉलेजात गेली. मेडिकलला पहिल्या वर्षी तिचा नंबर लागला नाही. वर्षभर ती घरी बसली, आईशी भांडली, दोन वेळा रागानं जेवली नाही. दुसऱ्या वर्षी लागला. सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकली. फॉर्म बनवायच्या धड्यापर्यंत पोचलो तेव्हा ती डॉक्टर झाली होती आणि तिच्या दवाखान्याच्या पानावर पेशंटनं नाव, वय, तक्रार लिहायची सोय होती. दर बुधवारी ती हिंगणीला जायची. हिंगणी सरांचं मूळ गाव, आणि तिथल्या लोकांना मोफत तपासायचं हे बाप-लेकीचं ठरलेलं. मला हे ऐकायला आवडायचं. मुलीचं कौतुक करणारे बाप पुष्कळ भेटतात. मुलीचा नंबर लागला नाही, ती रुसली, हेही पानावर घालणारा बाप मी पहिल्यांदा पाहत होते.

काम मात्र फार हळू चालायचं, एकाच पुस्तकात वर्षं गेली. याला कारण सरांचा तो कायदा. त्यांनी तो कॉम्प्युटरलाही लावला होता. चूक निघाली की दुरुस्त करायची नाही, सगळं पुसायचं. एकदा एक खूण बंद करायची राहिली आणि मंजूचं चौथीनंतरचं सगळं आयुष्य ठळक अक्षरांत उमटलं. मी म्हटलं, सर, तेवढा एक कंस घाला, काम झालं. परीक्षेत चिठ्ठी पुरवू काय असं विचारल्यागत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी गेले, पान पुसलं आणि बारशापासून पुन्हा टाइप केलं. कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, "काऊन येईल? लहानपण परत पाह्यला भेटते तिचं."

आमच्या वाचनालयात स्पर्धापरीक्षेची मुलं दिवसभर बसलेली असतात. त्यांतल्या एकानं सरांना सांगितलं, की काका, पुस्तकं कशाला, मोबाइलवर व्हिडिओ असतात, फुकट शिकवतात. सरांनी एक पाहिलाही. मग येऊन आपलं मत दिलं, की व्हिडिओतला पोरगा बोलत सुटते, आपण मागे राहिलो तर वळून पाहत नाही. पुस्तक मात्र आपल्यासाठी थांबतं.

एका हिवाळ्यात माझ्या सासूबाईंचे गुडघे धरले. मला सरांची मंजू आठवली. ओळखीतली डॉक्टर, म्हाताऱ्या माणसाशी नीट बोलेल, म्हणून मी सरांना म्हटलं, की मला मंजूच्या दवाखान्याचा पत्ता द्या, सासूबाईंना घेऊन जाते. सरांची बोटं काउंटरवरच होती. ती तिथंच राहिली. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तिच्याकडं सध्या लय गर्दी राह्यते, मॅडम. नंबर लागत नाई." आणि पुस्तक न घेताच निघून गेले.

मला राग आला. इतकी वर्षं माझ्या काउंटरवर उभं राहून मुलीच्या गप्पा सांगता, आणि एक म्हातारी दाखवायची म्हटली तर नंबर लागत नाही? सर यायच्या वेळी गुणवंतराव बहुधा टपालाला गेलेले असत, त्यांना मी हे चिडून सांगितलं. ते पुस्तकांच्या पाठीवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"कोणत्या पोरीबद्दल बोलून राह्यले तुमी?" त्यांनी विचारलं. "त्यायले एकच पोरगी होती. सातवीत होती तवाच तापात गेली. माह्या धाकट्या भावाच्या वर्गात होती ते."

खरं सांगते, मला आधी भीती वाटली. दया वगैरे नंतर. भर दुपार होती, पंखा फिरत होता, मुलं वाचत बसली होती. सातवीत वारलेल्या मुलीला दहावीची गुणपत्रिका कुठून? तिचा पहिल्या वर्षी न लागलेला नंबर, तिचे रुसवे, तिचा बुधवार, हे सगळं मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. तिच्याबद्दल मला माझ्या नणंदेपेक्षा जास्त माहिती होती. आणि हातात सगळं असताना त्या माणसानं तिला गणितात चार मार्क जास्त दिले नव्हते. मला त्याचंच फार वाईट वाटलं. का, ते मला नीट सांगता यायचं नाही.

सर पुन्हा आले तेव्हा मी रजिस्टरमध्ये तोंड घालून बसले. ते स्वतःच बोलले.

"गुणवंतनं सांगतलं ना?"

मी मान हलवली.

"मी खुळा नाई झालो, मॅडम. ती नाई, हे मले माहीत आहे. माह्या हातानं पोचवून आलो तिले." ते शांत होते, टायपिंगचा नियम सांगावा इतके शांत. "पुस्तकात लिवलं होतं, तुमच्या मनातलं पान बनवा. मनात दुसरं कायच नोयतं. बसलो करत. आता येवढंच आहे, का पुस्तक संपलं का ती तिथंच थांबते. एकदा थांबली ती थांबली. आता मले तिले थांबवाचं नाई." मग त्यांनी बोटं काउंटरवर टेकवली आणि विचारलं, "याच्या पुढचं आहे काय एखादं?"

त्या दिवसापासून माझी नोकरी बदलली म्हणा ना. दरवर्षीच्या ग्रंथखरेदीत मी वेबसाइटच्या पुस्तकांसाठी भांडू लागले. आमच्या समितीचे अध्यक्ष कादंबऱ्यांचे भोक्ते. ही असली पुस्तकं वाचतं कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाचतात, फार मन लावून वाचतात. नागपूरला गेले की मी फूटपाथवरचे ढीग चाळायची. पुस्तक उघडलं की आधी पाहायचं, धड्यांच्या शेवटी पान बनवायला सांगितलंय का नाही. नुसत्या माहितीचं पुस्तक आम्हाला काही कामाचं नव्हतं. त्यात मंजूला जगायला जागा नसायची.

नवी पुस्तकं आली तसे नवे धडे आले. एका पुस्तकात पान मोबाइलच्या छोट्या पडद्यावर मावेल असं करायला शिकवलं होतं. मंजूच्या पेशंटनी मोबाइल घेतले. एकात अनुभव लिहायचं पान होतं. सरांनी त्यात हिंगणीच्या एका म्हातारबाचा अनुभव लिहिला, की डॉक्टरीण बाई चांगल्या आहेत पण बिडीवरून फार बोलतात. हे सांगताना ते मोठ्यानं हसले. मीही हसले. गुणवंतराव मात्र अशा वेळी उठून बाहेर जायचे. त्यांना हे सोसत नसे.

सरांच्या बायकोला, काकूंना, मी तोवर पाहिलं नव्हतं. गुणवंतराव सांगायचे, की मुलगी गेल्यापासून त्या बाईनं तिचं नाव तोंडातून काढलं नाही. शाळेवरून जायला नको म्हणून बाजाराला लांबच्या रस्त्यानं जातात. मी एकदा धीर करून सरांना विचारलं, की काकूंना हे माहीत आहे का. सर म्हणाले, की सुरुवातीला चोरूनच चालायचं, काकू दुपारी आडव्या झाल्या की ते कॉम्प्युटर लावायचे. रंगांच्या धड्यात त्यांनी मंजूच्या पानाला पिवळा रंग दिला होता. मागे पावलांचा आवाज झाला. वळून पाहायची त्यांची हिंमत झाली नाही. आता ही बाई पडदा फोडते की मला, असं त्यांना वाटलं. काकू मागूनच म्हणाल्या, "तिले पिवळा आवडत नोयता."

त्यानंतर दोन खुर्च्या लागायला लागल्या.

संक्रांतीला काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. मी वाचनालय बंद करून गेले तोवर बाकीच्या बायका येऊन गेल्या होत्या. काकू म्हणजे ठेंगण्या, हसऱ्या, खणखणीत आवाजाच्या बाई. मी कोणी विझलेली बाई पाहायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली आणि लगेच म्हणाल्या, की चला, मंजूकडं. मी त्यांच्यामागे समोरच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. ते काढून, घडी करून मांडीवर घेऊन बसल्या.

सरांनी पानं दाखवली. सुरुवातीला फोटो होते. पाळण्यातली मंजू, दोन वेण्यांतली मंजू, बोर धरणाच्या भिंतीवर डोळे बारीक करून उभी असलेली मंजू. त्यापुढच्या पानांवर जिथं फोटो हवा, तिथं एक रिकामी चौकट आणि कोपऱ्यात फाटलेल्या चित्राची छोटी खूण. सर म्हणाले, की चित्र सापडलं नाही तर त्याच्या जागी काय दिसावं, ते दोन शब्दांत लिहून ठेवायचं असतं, तसं पुस्तकात दिलं आहे. त्यांनी ते प्रत्येक चौकटीत लिहून ठेवलं होतं. मंजू, कॉलेजच्या पहिल्या दिवशी. मंजू, पदवीदानाला, आईच्या साडीत. मंजू, दवाखान्यात. मी त्या चौकटींकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं, तुम्हाला पटो न पटो, मला त्यांत कोणीतरी दिसायला लागलं.

काकू बारीक नजरेनं पाहत होत्या. म्हणाल्या, हिच्या बापाकडचे केस लवकर पिकतात, हिचेही कानापाशी पांढरे झाले असतील, तेवढं लिहायला पाहिजे. मग माझ्याकडे वळून तक्रार केली, की पुस्तकात लग्नपत्रिकेचं पान आहे, पण हे तो धडा सोडून पुढे गेले.

"चांगला मुलगा भेटल्याशिवाय कसा करू?" सर म्हणाले.

"भेटता भेटता चाळिशी येईल तिची," काकू म्हणाल्या. "तुमालेच तिले घरातून जाऊ द्याचं नाई."

दोघंही हसले. मी हसले आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. बाहेर पडले तर रस्त्यावर दिवे लागले होते, पोरं पतंगाचा मांजा गुंडाळत होती. मला वाटत होतं, आपण आत्ता तिघांच्या घरातून निघालो. मागे वळून पाहण्याची मला हौस नव्हती, तरी पाहिलं. खिडकीत दोनच डोकी होती.

प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा धडा एकच असतो. बनवलेली साइट जगासमोर कशी ठेवायची. सर तेवढा धडा वाचून पुस्तक परत करायचे. मी विचारलं तर म्हणाले, की बाहेर ठेवली तर कोणीतरी खरंच पत्ता विचारेल, तुम्ही विचारला होता तसा. तेव्हा पुन्हा एकदा तिचं नसणं सांगावं लागेल. घरातल्या घरात ती बरी आहे. मला ते पटलं.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. सकाळी उठले, चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. गुणवंतरावांनी वाचनालयात येऊन सांगितलं तेव्हा मी नवीन आलेल्या एका पुस्तकाचे धडे पाहत होते. त्यात प्रत्येक धड्याच्या शेवटी पान होतं. मी ते कपाटात न लावता टेबलाच्या खणात ठेवलं आणि मला फार रडू आलं. एवढ्या वर्षांत आमच्यात पुस्तकाची देवघेव सोडून दुसरं काही नव्हतं, असं लोक म्हणतील. म्हणोत.

मी भेटायला गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. सरांचे जुने विद्यार्थी आले होते, पिकल्या केसांचे. एकमेकांना सांगत होते, कोणाला किती वेळा पहिल्या ओळीपासून करायला लावलं. मंजूचं नाव कोणी काढलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. कॉम्प्युटरवर कव्हर होतं आणि त्यावर कोणीतरी सांत्वनाला आलेल्यांच्या चहाचा ट्रे ठेवला होता. मी तो उचलून खाली ठेवला.

तेरवी झाल्यावर बऱ्याच दिवसांनी काकू वाचनालयात आल्या. सरांकडे राहिलेलं पुस्तक त्यांनी काउंटरवर ठेवलं. मला वाटलं, परत करायला आल्या. मी म्हटलं, काकू, घाई नाही, राहू द्या तुमच्याकडे. त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं नाही. त्याच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमाले हे येते काय?"

मी म्हटलं, थोडंफार येतं. सरांसाठी पुस्तकं चाळता चाळता मलाही जमायला लागलं होतं. काय करायचंय?

"तिच्या पानावर अजून तसंच हाय. बाबा घरी असतात, पुस्तकं वाचतात म्हून." त्यांचा खणखणीत आवाज खाली आला. "तिचे बाबा गेले, हे तिले कोणीच सांगतलं नाई. सगळ्यायले फोन झाले. तिले राह्यलं."

इतक्या वर्षांत या घराचं मला सगळं कळतं, असं मी धरून चालले होते. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. आम्ही दोन्ही खुर्च्या ओढल्या. त्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसू लागल्या, मग थांबून सरांच्या खुर्चीत बसल्या. मी कव्हर काढलं, मशीन सुरू केलं, मंजूचं पान उघडलं आणि ज्या ओळीत सरांबद्दल लिहिलं होतं तिथं येऊन थांबले. मी म्हटलं, काकू, तुम्ही सांगा, मी टाइप करते. तुम्हाला अक्षरं शोधत बसावं लागेल.

"नाई," त्या म्हणाल्या. "असं दुसऱ्याच्या हातून नसते सांगत. मायनंच सांगा लागते."

मग मी कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर येतं, ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. एका बोटानं, खूप वेळ घेऊन, तिचं नाव लिहिलं. नावापुढे काही केल्या बोट सरकेना. त्यांचा हात कागदावर, मग बटणांवर, मग पुन्हा मांडीवर. मला तिथं बसवेना. पाणी आणते म्हणून मी आत गेले आणि माठाजवळ उगाच उभी राहिले.

परत आले तेव्हा पडद्यावर नावापुढे एक अक्षरही वाढलं नव्हतं. काकूंनी चष्मा काढून ठेवला होता. पडद्याकडे तोंड करून त्या अगदी हळू आवाजात बोलत होत्या. मी पेला घेऊन दारातच उभी राहिले.

"जेवली काय तू?" त्या विचारत होत्या. "पयले दोन घास खाऊन घे, बाई. मंग सांगतो."